कावळ्यापुढं दिलेला शब्द

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवशी मी गाणं सोडलं. त्या ऐकण्याला मी गाणं म्हणतो, पण आमच्यात त्याला कुणी गाणं म्हणलं नाही. मेहुणा बोंबाबोंब म्हणायचा. मुलगी तुमचा तो आवाज म्हणायची. बायको नुसतं ‘तुमचं ते’ म्हणायची. तुमचं ते लावा, मी तांदूळ निवडायला बसते.

दहाव्याचे पिंड आम्ही पुराना पुलाजवळ नदीच्या कडेला ठेवले. भाताचे गोळे, त्यावर दही, बाजूला मिरचीची भजी, कारण ती तिला आवडायची. कावळा शिवला की माणूस सुटलं, नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आमच्यात धरतात. मग जवळचे लोक एकेक करून पुढं होतात आणि गेलेल्या माणसाला सांगतात, अमुक करीन, तमुक सांभाळीन, तू निघ. हैदराबादेत कावळे आता तसेही कमी झालेत. जे चार होते ते समोरच्या विजेच्या तारेवर बसले होते आणि खाली बघत नव्हते.

आधी मुलगी बोलली. आई, बाबांना मी माझ्याकडं कुकटपल्लीला नेईन, म्हणाली. मला ते आधी कुणी विचारलं नव्हतं. कावळ्यांनाही पटलं नसावं, एकही हलला नाही. मग ती म्हणाली, तुझ्या साड्या कुणाला देणार नाही. मग म्हणाली, मी वेळेवर जेवत जाईन. ऊन चढलं. मुलगी उभ्या उभ्या वाळत चालली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा मेहुणा माझ्या कानाशी आला, उजव्या, कारण डावा गेलाय. पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दाजी, आता तुम्ही बोला. ते सोडतो म्हणा. आक्काचा जीव त्यातच अडकलाय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं डोकं नुकतंच भादरलेलं, ते तापलं होतं. ओलं धोतर पायाला चिकटलं होतं. तेवढंच कळत होतं, बाकी काही वाटत नव्हतं. ती गेली त्या सकाळपासून काही वाटलंच नव्हतं. लोक गळ्यात पडून रडायचे आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून किती वेळ ठेवायचा याचा विचार करायचो.

“सोडलं,” म्हणलं मी.

कावळा खाली आला. आधी भजीला चोच लावली, मग भाताला. मुलीनं हात जोडले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला.

आता मी काय सोडलं ते सांगतो.

कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो. छताच्या पंख्याला वर जी वाटी असते, ती आम्ही काढायचो. पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाड. वाटी काढायची, पत्रा ठेवायचा, धाड. सगळी उमर त्यात गेली. सुट्टीच्या दिवशी घरात बसलं की कान रिकामे वाटायचे. दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जाते, तसं माझं ध्यान त्या रिकाम्या जागी जायचं.

तेव्हा मुलगी जामबागच्या मराठी शाळेत होती. शनिवारी अर्धी शाळा. माझी रात्रपाळी असली की सायकलवर मी तिला आणायला जायचो. येताना कोठीच्या फुटपाथवर एकजण जुन्या कॅसेटींचा ढीग घालून बसायचा. बायकोसाठी भजनाची एक घेतली, तर त्यानं तिच्यावर आणखी एक ठेवली. “ये भी लेके जाओ चचा, इसकू कोई नै लेरा.” तिच्यावर चित्र होतं, एक सांगाडा खुर्चीत बसून दाढी करतोय. मुलगी तेव्हा दुसरीत. सांगाड्याला दाढी कुठनं आली, असं ती सगळ्या रस्त्यानं विचारत होती.

घरी लावली तर वाटलं टेप बिघडला. बायको आतनं म्हणाली, बंद करा, जळेल काहीतरी. मी झाकण उघडलं, कापसानं हेड पुसलं, पुन्हा लावली. तेच. मग कळलं की ते तसंच आहे, त्यांनी मुद्दाम तसं केलंय. मी खाली बसलो.

पहिलं मला काय कळलं असेल तर ढोलवाल्याचे पाय. तो दोन्ही पायांनी ढोल मारत होता. माझंही काम पायाचं, म्हणून कळलं. इतक्या वेगात पाय चालवून चुकत नाही म्हणजे मोठा कारागीर. गाणारा तर गातच नव्हता, पोटाच्या तळातनं हवा ओढून काढत होता, विहिरीतनं गाळ काढावा तशी. आणि मग एकदम सगळे थांबले. एका क्षणात, चौघंही. प्रेस अशी थांबत नाही. करंट गेला तर थांबते, नाहीतर कुणाचं बोट गेलं तर थांबते. इथं चार माणसांनी एवढा धिंगाणा घातला आणि आपल्या मनानं थांबवला. मी कॅसेट मागं नेऊन ते थांबणं पुन्हा ऐकलं. संध्याकाळपर्यंत तेच करत होतो.

पुढं मी त्या फुटपाथवाल्याकडं जातच राहिलो. कुणी न घेतलेल्या कॅसेटी तो माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. बँडची नावं मला वाचता येत नव्हती. मी चौथी पास, तीही मराठीत. लई वर्षं त्याची लाज वाटायची. मग एकदा कारखान्यातल्या इंजिनिअरला एक कॅसेट दाखवून विचारलं, साहेब, काय लिहिलंय. त्यानं उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढून बघितली. त्यालाही वाचता येईना. ती नावं तशीच काढतात, झाडाच्या मुळ्या एकमेकांत गुंतल्यासारखी. त्या दिवसापासून मी आणि शिकलेला माणूस सारखे. आम्ही घरात आमची नावं पाडली. मुळीवाले. काटेवाले. एक कोळी-जाळंवाले होते, ते बायकोला अजिबात चालत नसत. हे सगळं मेटल म्हणून ओळखतात, हे मला म्हातारपणी कळलं. पत्र्याचाच आवाज तो, नाव बरोबर आहे.

तिनं त्यात वाटण्या केल्या होत्या. एक धावणारं, एक चिरकणारं, एक ओढणारं. धावणारं लावलं की ती भाजी आणायला निघून जायची. चिरकणारं ऐकून म्हणायची, ह्याला घरचे औषध का देत नाहीत. ओढणारं मात्र तिला चालायचं. त्यात एकेक ठोका इतक्या उशिरानं पडतो की वाटतं वाजवणारा झोपला. ती तांदळाचं ताट घेऊन बसायची आणि त्याच्या चालीनं खडे वेचायची. ठोका पडला की एक खडा. तिला ते कळत नसावं. मी बघायचो आणि सांगायचो नाही, सांगितलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं.

माझं काम सुटलं त्यानंतर कोठीतल्या एका गिटारी दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं की आपल्या गावातली पोरंही हे वाजवतात, रविवारी दुपारी एका हॉलमध्ये आहे. मी निघालो तर बायको चप्पल घालून दारात. पडलात तर कोण उचलणार, म्हणाली. आत सगळे काळे शर्ट, केस कमरेपर्यंत. मी पांढऱ्या शर्टात आणि ही नऊवारी सोडून पाचवारीत, तेवढंच तिनं केलं होतं. पोरं आधी हसली, मग एकानं तिला प्लास्टिकची खुर्ची आणून भिंतीशी ठेवली. गाणं सुरू झालं की ही पोरं एकमेकांवर आदळतात, खांदे मारतात, तो त्यांचा खेळ आहे. त्यात चष्मे फुटतात. एक पोरगं धावत आलं, चष्मा तिच्या हातात दिला, “अम्मा, जरा पकडो” म्हणालं आणि गर्दीत शिरलं. ते बघून दुसरं आलं. शेवटी तिच्या मांडीवर चष्म्यांची रास. सगळे सारखेच काळ्या काड्यांचे. तिनं एकही चुकवला नाही, ज्याचा त्याला दिला, आणि एकाला म्हणाली, तुझा नंबर लई वाढलाय बाळा, गाजर खा. मराठीत म्हणाली. त्याला काय कळलं देव जाणे, त्यानं पाया पडून घेतलं.

त्यानंतर जिथं जाऊ तिथं तिची खुर्ची आधी मांडलेली असायची. मला कुणी विचारत नव्हतं. अम्मा आली का, एवढंच.

मग तिची साखर वाढली, किडनी गेली, आठवड्यातनं दोन वेळा मशीनवर न्यायचं. जाणं बंद झालं. घरी मी आवाज बारीक करून लावायचो. एकदा ताप होता तेव्हा म्हणाली, आज नको. मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, लावा काहीतरी, घर खायला उठतंय. एवढंच. आणि एका मंगळवारी ती गेली.

शब्द दिल्यावर मी तो पाळला. कॅसेटी लावायच्या डेकवर तिचा टॉवेल टाकून ठेवला. मला वाटलं जड जाईल. जड गेलं नाही, हलकंही गेलं नाही. सकाळी उठायचं, मलकपेठच्या बाजारात जायचं, दोन भाज्या आणायच्या, एकच करायची. दुसरी सुकायची. मुलगी रविवारी यायची, सुकलेली फेकायची. कुकटपल्लीला चला म्हणायची. मी बघू म्हणायचो. ती तिच्या आयटी कंपनीत मोठ्या जागेवर आहे, माणसं तिच्या हाताखाली आहेत, पण माझ्या घरात आली की आईच्या खाटेवर न बसता खाली फरशीवर बसायची. तिला मी रडताना बघितलं नाही. तिकडं तिच्या फ्लॅटच्या भिंती पातळ, सासू-सासरे शेजारच्या खोलीत, तिथंही रडली नसणार. आमच्या दोघांचं तसं सारखंच चाललं होतं.

वर्षश्राद्धाला दोन महिने राहिले तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, बाबा, तो डेक आणि त्या कॅसेटी आता काढून टाकू. समोर राहिलं की कधीतरी हात जाईल. कबाडीवाल्याशी बोलते. मी म्हणलं, पुढच्या रविवारी ने.

त्या आठवड्यात मी बसून आठवलं. पहिली कॅसेट आणली तेव्हापासून सगळं. ती मला कधी म्हणाली होती का, हे सोडा म्हणून. आज नको म्हणाली होती. आवाज कमी करा, पाहुणे आलेत, म्हणाली होती. कोळी-जाळंवाले माझ्यासमोर लावू नका म्हणाली होती. सोडा म्हणाल्याचं आठवेना. पण बायको जे नवऱ्याला बोलत नाही ते भावाला बोलत असेल. म्हणून गुरुवारी मेहुण्याकडं गेलो.

त्याची पिठाची गिरणी आहे, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. सगळा जन्म त्या घरघरीत काढला आणि माझा आवाज त्याला सहन होत नव्हता, हे एक मला कधी समजलं नाही. मी विचारलं ते त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मग त्यानं पट्टा उतरवला, गिरणी थांबवली. भुवयांवर पीठ होतं.

“आक्का तुला कधी बोलली होती का, मी ते सोडावं म्हणून?”

“आता कशाला ते, दाजी.”

“बोलली होती का?”

तो हातातला कपडा झटकत राहिला. “नाही बोलली.”

“मग तिथं तू का बोललास?”

“दोन तास झाले होते दाजी. माझे गुडघे गेले होते. पोरगी चक्कर येऊन पडली असती. कुणीतरी काहीतरी सोडायला पाहिजे होतं. तुम्ही दारू पीत नाही, बिडी ओढत नाही, पत्ते खेळत नाही. तुमच्याकडं सोडण्यासारखं दुसरं होतं काय?”

मी विचार केला. खरंच नव्हतं.

मी रागवायला पाहिजे होतं. राग आला नाही. त्यानं मला स्टुलावर बसवलं, शेजारच्या हॉटेलातनं चहा सांगितला. चहा येईपर्यंत तो आपणहून सांगत बसला. एकदा तो तिला म्हणाला होता, लोक हसतात, दाजींना सांग. तर ती म्हणाली होती, तुझी गिरणी दिवसभर चालते तेव्हा मी कान झाकते का. हे सांगून तो हसला आणि हसता हसता बहिणीसाठी रडायला लागला. पिठात ओघळ पडले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवायचा हे अजून मला कळलं नव्हतं.

निघताना म्हणाला, पोरीला सांगू नका. तिच्या मनाला तेवढाच आधार आहे.

रविवारी मुलगी आली ती जुनी चादर घेऊनच. खाली अंथरली आणि कॅसेटी काढून त्यावर रचायला लागली. चित्रं बघायची नाहीत म्हणून सगळ्या पालथ्या घालत होती. मला लपवालपवी जमत नाही. म्हणलं, तुझा मामा खोटं बोलला. आई असं कधी म्हणाली नव्हती.

तिचे हात थांबले नाहीत. “मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. मामाला काय ठाऊक आईचं? मी ह्या घरात वाढले बाबा. ती तांदूळ कशावर निवडायची हे मी बघितलेलं नाही का?”

“मग हे कशाला बांधतेस?”

आता ती थांबली. “कावळा आला ना बाबा. मामा खोटं बोलला, तुम्ही मनात नसताना बोललात, तरी आला. मी जे जे बोलले त्याला आला नव्हता. तुम्ही परत लावलंत तर मला रोज वाटेल, ती परत तारेवर जाऊन बसली.”

कावळा माझ्या बोलण्यानं आला नाही, असं म्हणता आलं असतं. मग कशानं आला, असं तिनं विचारलं असतं. मला ठाऊक नाही. मी आयुष्यभर पत्र्याच्या वाट्या काढल्या.

मी चादरीच्या दुसऱ्या बाजूला खाली बसलो. मग मी म्हणलं, वर्ष झालं की माणूस पितरांत मिळतं, असं आपल्यात धरतात. मग तारेवर कोण राहतं? वर्षापर्यंत मी हात लावत नाही. श्राद्ध होऊ दे, मग लावीन. चोरून नाही, तुझ्यासमोर. आणि तुला बघवलं नाही तर तिथल्या तिथं बंद करून हे सगळं मी स्वतः खाली नेऊन देईन.

ती म्हणाली, भटजींना विचारते. तिथूनच फोन लावला. शब्द देताना मुदत घातली होती का, असं त्यांनी विचारलं. घातली नव्हती. मग तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले, आणि श्राद्धाला किती माणसं जेवायला आहेत ते विचारलं. मुलीनं फोन ठेवला. चादरीची गाठ मारली नाही. कॅसेटी तशाच पालथ्या ठेवून गेली.

श्राद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी काढली आणि सकाळी दहाच्या सुमाराला एकटीच आली. चहा नको म्हणाली. दारं-खिडक्या लावल्या. मग आईच्या खाटेवर बसली, भिंतीला पाठ लावून, पाय वर घेऊन. वर्षभरात पहिल्यांदा बसली.

“लावा,” म्हणाली.

मी ओढणारं लावणार होतो. ती म्हणाली, ते नको, ते आईचं. तुमचं लावा.

मी टॉवेल बाजूला केला. मुळीवाल्यांची एक लावली, धावणारी. वर्षभर पडून होता डेक, पहिल्यांदा घासल्यासारखा आवाज आला, मग त्यानं वेग धरला. ढोलवाल्याचे पाय सुरू झाले. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं. मी वाट बघत बसलो, आता काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. ओळखीचं सगळं होतं, कुठं वळतं, कुठं घसरतं, सगळं मला पाठ आहे. पण ते आपलं तिकडं वाजत होतं आणि मी इकडं बसलो होतो. थांबायची जागा आली. सगळे थांबले. मी तेही ऐकलं. बरोबर थांबले, एवढंच मनात आलं.

आणि त्या थांबलेल्या जागेत मला खाटेवरनं आवाज आला. मी वळून बघितलं. मुलगी तोंड उघडं टाकून रडत होती, लहानपणी रडायची तशी, नाक, डोळे, सगळं वाहत होतं, पदर नाही, रुमाल नाही. आई म्हणत होती. ढोल पुन्हा सुरू झाला आणि तिचा आवाज बुडाला. नुसतं तोंड हलताना दिसत होतं. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्यालाही कळत नाही कोण काय करतंय. तिला ते आधीच कळलं होतं का, म्हणून ‘तुमचं लावा’ म्हणाली का, ते मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

ती हातानं खूण करील, बंद करा म्हणून, असं मला वाटलं. तिनं केली नाही. पुढच्या थांब्याला तिचा आवाज पुन्हा उघडा पडला असता. तो थांबा मला ठाऊक होता, मोठा आहे. मी त्याच्या आधीच डेकजवळ गेलो, वाजत असतानाच कॅसेट त्या थांब्यापलीकडं पळवली, आणि आवाज अजून वाढवला.